दम्याचे निर्णय डॉक्टरांनी रुग्णावर सोपवणे कितपत योग्य?

पिंपळपार (सिडको, नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय अडतीस असून चौदा वर्षांपासून मला दमा आहे. राहायला सिडकोत, नोकरी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या रंगकाम विभागात आणि सुट्टीला निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत, असा माझा आठवडा जातो. आजवर या आजाराशी माझा व्यवहार ठरलेला होता. दम लागला की निळा पंप, म्हणजे तात्पुरता आराम देणारा, ओढायचा. तेवढ्याने भागले नाही तर जवळच्या दवाखान्यात जाऊन वाफ आणि इंजेक्शन घ्यायचे, पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि बरे वाटले की पुढच्या वेळेपर्यंत विषय मिटवायचा.

गेल्या जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा मी बागेत होतो. गारठ्याने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. त्या रात्री नऊ वाजल्यापासूनच छाती जड झाली होती, तरी पंपाच्या आधाराने मी पहाटेपर्यंत रेटले. घरात कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर होता. तो ९५ दाखवत होता आणि त्या आकड्यावर विसंबून सगळेच निर्धास्त राहिलो. साडेपाचच्या सुमारास मला एक वाक्यसुद्धा सलग बोलता येईना, तेव्हा भावाने गाडीत घालून नाशिकला आणले. तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले.

त्यानंतर मी एका छातीविकारतज्ज्ञांकडे जाऊ लागलो. त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप, फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचे पीक फ्लो मीटर आणि एक कागद दिला. त्या कागदावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे असून प्रत्येकासमोर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले आहे: आकडा ३७० च्या वर असेल तर काय चालू ठेवायचे, ३७० आणि २३० यांच्या दरम्यान आला तर कोणते औषध किती आणि किती दिवस वाढवायचे, आणि २३० च्या खाली गेला तर काय घ्यायचे, कोणाला फोन करायचा आणि कुठे निघायचे. हे सगळे मी कसे ठरवणार, असे मी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘रात्री दोन वाजता तुमच्याजवळ तुम्हीच असता, मी नसतो.’

त्या वेळी हे म्हणणे पटले, पण घरी आल्यावर वडिलांनी कागद पाहिला आणि ते हसून म्हणाले, ‘म्हणजे फी त्यांनी घ्यायची आणि डॉक्टरकी तू करायची.’ ते गमतीने बोलले असले तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. अशी पद्धत खरोखरच मान्यताप्राप्त आहे का, की डॉक्टर आपला भार हलका करत आहेत? माझा निर्णय चुकला तर जबाबदारी कोणाची? शिवाय, परवा सकाळी मीटरवर ३४० आला, पण मला काहीच त्रास जाणवत नव्हता. अशा वेळी कागदाचे ऐकायचे की छातीचे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गोदाकाठ (नाशिक रोड) यांचे उत्तर

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, कारण पहिल्या वेळी मीसुद्धा नेमके असेच बोलले होते. मी निवृत्त शिक्षिका असून दमा माझ्याबरोबर तीस वर्षे राहिला आहे. औषधांबद्दल डॉक्टर मंडळी लिहितीलच. मला अनुभवातील एकच गोष्ट सांगायची आहे.

पहिली अकरा वर्षे मी ज्यांच्याकडे जात होते ते डॉक्टर नामांकित होते आणि औषधही योग्यच देत होते, असे मला आता कळते. मात्र त्या अकरा वर्षांत ‘तुम्ही हे औषध घेता कसे, ते मला दाखवा’ असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत टेबलावर रिकामे उपकरण ठेवले आणि मला घेऊन दाखवायला सांगितले. मी रोटाकॅप, म्हणजे औषधाच्या भुकटीची कॅप्सूल, उपकरणात घातली, तोंडाला लावली, आधी त्यातच श्वास सोडला आणि मग हळुवारपणे, एखादे फूल हुंगावे तसा श्वास घेतला. ते रागावले नाहीत. त्यांनी कॅप्सूल उघडून दाखवली. बरीचशी भुकटी आतच होती आणि माझ्याच श्वासाच्या ओलाव्याने चिकटली होती. कोरड्या भुकटीचे उपकरण जोरात आणि झटक्याने ओढावे लागते, तर फवाऱ्याचा पंप संथ आणि खोल श्वासाबरोबर घ्यावा लागतो. मी आधी अनेक वर्षे फवारा वापरत होते, उपकरण बदलले तेव्हा सवय मात्र बदलली नाही, आणि ती बदलायला हवी हे मला कोणी सांगितले नव्हते. म्हणजे वर्षानुवर्षे मी औषध विकत घेत होते, पण त्यातले फारसे फुप्फुसांपर्यंत पोहोचत नव्हते.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्यांनी मला पाच आठवड्यांनी पुन्हा बोलावले, औषध बदलण्यासाठी नव्हे तर तीच कृती पुन्हा पाहण्यासाठी. मला वाटले होते, आयुष्यभर मुलांना धडे पाठ करून घेणाऱ्या बाईला याची काय गरज? प्रत्यक्षात मी औषध ओढल्यावर श्वास रोखून धरायला विसरत होते. दहापर्यंत आकडे मोजायची सवय मला त्यानंतर लागली. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला कागद दिला हे चांगलेच आहे. त्यांनी तुमचा पंप घेण्याचा प्रकार पाहिला आहे का, एवढे मात्र कळवा.

श्वासमार्ग (छातीविकारतज्ज्ञ, नाशिक) यांचे उत्तर

मी तुमचा उपचार करणारा डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या औषधांचे प्रमाण मी इथे ठरवणार नाही. परंतु तुमच्या वडिलांनी उपस्थित केलेला मुद्दा इतका रास्त आहे की त्याचे नीट उत्तर मिळाले पाहिजे.

दमा हा तासातासाला बदलणारा आजार आहे. दवाखान्यात तुम्ही माझ्यासमोर महिन्यातून दहा मिनिटे बसता आणि बहुधा तेव्हा तुमची छाती स्वच्छ असते; ती घरघरते ते पहाटे, शेकोटीच्या धुरात, कांद्याची चाळ फोडताना किंवा गंधकाची धुरळणी चालू असताना. झटका एकाएकी आला असे रुग्ण सांगतात, पण बहुतेक वेळा त्याआधी काही तास किंवा काही दिवस इशारे मिळत असतात: रात्रीची जाग, निळ्या पंपाची वाढलेली फेरी, जिना चढताना मध्येच थांबणे. त्या काळात थोडे औषध वाढवले तर जे टळते, ते पहाटे साडेपाचला टळत नाही. तो निर्णय वेळेत घ्यायचा असेल तर तो घेणारा माणूस तिथे हजर असावा लागतो, आणि तिथे तुम्हीच असता.

ही कोणा एका डॉक्टरची लहर नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २००३ सालच्या आढाव्यात प्रौढ दमेकऱ्यांवरील ३६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रुग्णाने स्वतः लक्षणांवर किंवा फुंकरीच्या आकड्यावर लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांनी ठराविक काळाने आढावा घ्यावा, अशा पद्धतीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे त्यात आढळले. लेखी आराखडा, म्हणजे तुमच्याकडे आहे तसा कागद, सोबत असलेल्या चाचण्यांमध्ये हा लाभ विशेष स्पष्ट होता. याउलट, केवळ माहितीपत्रक हाती दिल्याने किंवा व्याख्यान ऐकवल्याने रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होत नाहीत, हेही त्याच अभ्यासकांनी वेगळ्या आढाव्यात दाखवले आहे. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची चौकशी करून २०१४ साली अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात लेखी आराखडा मिळाल्याची नोंद केवळ २३ टक्के रुग्णांच्या बाबतीत सापडली.

आता जबाबदारीबद्दल. त्या कागदावर जे लिहिले आहे ते तुमच्या डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेले औषधपत्र आहे, फक्त ते कधी अमलात आणायचे त्याची खूण तुम्हाला दिलेली आहे. त्या खुणेप्रमाणे तुम्ही पिवळ्या पट्ट्यातील औषध सुरू केले तर तो त्यांचाच निर्णय आहे. मात्र कागद देणाऱ्याचे काम तिथे संपत नाही. आकडे तुमचे आहेत की छापील तक्त्यातले, पुढचा आढावा कधी, कागदाप्रमाणे करूनही बरे वाटले नाही तर फोन कोण उचलणार, याची उत्तरे त्यांनी दिलेली असली पाहिजेत. ती दिलेली नसतील, तर तुमच्या वडिलांच्या टोमण्यात तथ्य आहे असेच मी म्हणेन.

तुमच्या कागदावरील ३७० आणि २३० हे आकडे पाहता ते तुमचे स्वतःचेच असावेत असे दिसते. प्रकृती चांगली असताना दोन-तीन आठवडे रोज मोजून जो सर्वांत चांगला आकडा मिळतो, त्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा पट्टा सुरू होतो आणि ५० टक्क्यांखाली लाल. तुमचा सर्वोत्तम आकडा ४६० च्या आसपास आला असणार. म्हणूनच मीटर मध्येच बदलू नका. दोन कंपन्यांची मीटरे एकाच फुंकरीला वेगवेगळे आकडे दाखवू शकतात.

३४० आला आणि त्रास नव्हता, तेव्हा काय करायचे, हा प्रश्न मला फार आवडला. सर्वप्रथम पुन्हा मोजा: उभे राहून, काटा शून्यावर आणून, पूर्ण श्वास घेऊन, ओठ घट्ट मिटून एकच जोरदार फुंकर, असे तीनदा करा आणि तिन्हींतील सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी काढू नका. झोपेतून उठल्याउठल्या अर्धवट मारलेली फुंकर पुष्कळांना फसवते. तिन्ही वेळा ३४० च्याच घरात आकडा राहिला तर तुम्ही पिवळ्या पट्ट्यात आहात, छाती काहीही म्हणो. श्वासनलिका आकुंचन पावत असल्याची जाणीव काही रुग्णांना उशिरा होते, आणि ज्याने रात्री नऊपासून पहाटे साडेपाचपर्यंत रेटले त्याची गणना मी अशांमध्येच करेन. मीटर खास अशा लोकांसाठी आहे. ज्यांना आपला त्रास लवकर उमगतो त्यांना लक्षणांवर आधारलेला आराखडाही तितकाच उपयोगी पडतो आणि त्यांना मी मीटरचा आग्रह करत नाही.

ऑक्सिमीटरने तुमच्या घरच्यांना चुकीचा दिलासा दिला. दम्यात रक्तातील प्राणवायू बराच उशिरा खाली येतो, कारण रुग्ण जोरजोरात श्वास घेऊन तो टिकवून धरत असतो. बोलताना वाक्य तुटणे, मान आणि बरगड्यांमधले स्नायू ओढले जाणे, निळ्या पंपाने आराम न पडणे किंवा तो तासा-दोन तासांतच ओसरणे, यांपैकी काहीही दिसले तर आकडा ९५ असला तरी निघायचे. ओठ निळे पडले किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कागदावर लिहिल्याप्रमाणे पंप चालू ठेवायचा.

निळा पंप महिन्याला किती लागतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर झटक्याचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका वाढलेला असतो. हा पंप स्नायू सैल करतो, पण श्वासनलिकेच्या आतली सूज तशीच राहते. म्हणूनच ‘जिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक दमा उपक्रमाने २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरांना फक्त निळ्या पंपावर ठेवू नये, अशी शिफारस केली आहे. सूज उतरवणारे औषध, म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड, प्रत्येक उपचारात असलेच पाहिजे.

शेवटी, तुम्ही रंगकाम विभागात आहात ही बाब तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का? दोन घटक मिसळून फवारल्या जाणाऱ्या रंगांमध्ये आयसोसायनेट हे रसायन असू शकते आणि ते कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याचे जगभर माहीत असलेले कारण आहे. महिनाभर दिवसातून चार वेळा फुंकर मोजा आणि कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस वेगळ्या रंगाने लिहा. सुट्टीत आकडे वर जात असतील, तर नुसते औषध वाढवत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून लादी पुसण्यासारखे होईल.

पाणवठा (कुटुंबवैद्य, दिंडोरी तालुका) यांचे उत्तर

वरील तज्ज्ञांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु ते शहरातल्या वातानुकूलित खोलीतून लिहिलेले आहे, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. माझ्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी सत्तर रुग्ण असतात. त्यांत दमेकरी पाच-सहा, आणि त्यांपैकी दोघे असे की ज्यांना तीन आकडी संख्या वाचता येत नाही. त्यांना वही आणि मीटर दिले तर ते दोन्ही कोनाड्यात जाऊन बसतील.

तरीही मी जे करतो ते लिहितो, कारण स्वतःच्या दम्याची काळजी घेणे हे फक्त शिकलेल्यांचे काम आहे असे मला वाटत नाही. मी रुग्णाला एकटे बोलावत नाही. बायको, सून किंवा शाळेत जाणारा नातू, जो कोणी रात्री जवळ असतो, त्याला सोबत आणायला सांगतो. रंगीत पट्ट्यांऐवजी मी प्रश्न देतो: ‘रात्री खोकल्याने उठलात का? विहिरीपर्यंत चालताना थांबलात का? आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप घेतला का?’ एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर त्यांनी दोन दिवसांत माझ्याकडे यायचे. हे प्रश्न मी घडवलेले नाहीत, दमा ताब्यात आहे की नाही हे तपासण्याची मान्य पद्धत तीच आहे; मी त्यात फक्त विहीर घातली.

दुसरी अडचण भीतीची आहे. ‘पंपाची सवय लागते’ आणि ‘स्टिरॉइडने हाडे झिजतात’, ही दोन वाक्ये मी रोज ऐकतो. तेव्हा मी हिशेब मांडतो. झटक्यानंतर पाच दिवस रोज ४० मिलीग्रॅमच्या गोळ्या घेतल्या तर पोटात २०० मिलीग्रॅम स्टिरॉइड जाते. रोजच्या पंपातून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम घेतले तर तेवढे वजन व्हायला ५०० दिवस लागतील. औषधे वेगळी असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे मीही जाणतो, पण पंपाला घाबरणारा आणि गोळ्या मात्र बिनदिक्कत गिळणारा शेतकरी एवढ्याने विचारात पडतो. साल्बुटामॉलचे, म्हणजे निळ्या पंपातल्या औषधाचेही तसेच आहे: ४ मिलीग्रॅमची एक गोळी म्हणजे निळ्या पंपाचे चाळीस फवारे. हात थरथरतात आणि छाती धडधडते ती गोळीने, पण बदनाम होतो पंप.

तिसरी गोष्ट मी माझ्या एका चुकीतून शिकलो. पूर्वी मी ‘औषध रोज घेता ना?’ असे विचारत असे आणि प्रत्येक जण ‘हो’ म्हणत असे. आता मी विचारतो, ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेले?’ यावर लोक मोकळेपणाने तीन-चार दिवस सांगतात, आणि मग खरे कारण बाहेर येते: पंप संपला होता, कांद्याला भाव नव्हता म्हणून पैसे नव्हते, किंवा सोयरिकीच्या घरी सगळ्यांसमोर पंप ओढायची लाज वाटली. पैशाचे कारण असेल तर मी जनऔषधी केंद्राचा पत्ता देतो. लाजेवर माझ्याकडे अजून औषध सापडलेले नाही.

अबोली (गंगापूर रोड) यांचे उत्तर

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. वरील चर्चेत मुलांचा उल्लेख नाही म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्या डॉक्टरांनी कागदाच्या दोन प्रती केल्या; एक घरी फ्रिजवर आहे आणि एक तिच्या वर्गशिक्षिकांकडे, स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी) आणि पंपासह. डॉक्टरांनी निम्मे बोलणे माझ्याशी आणि निम्मे थेट मुलीशी केले. ‘छाती कशी वाजते ते तुझ्या शब्दांत सांग,’ असे त्यांनी विचारले, तेव्हा ती ‘मांजर झोपल्यासारखी’ म्हणाली, आणि पिवळ्या पट्ट्यात आज ‘मांजर झोपली’ असेच लिहिलेले आहे.

एक अवघड प्रसंगही सांगते. सासूबाईंनी कोजागरीला तिला दम्याच्या औषधाच्या खिरीसाठी न्यायचे ठरवले होते आणि घरात त्यावरून ताण निर्माण झाला होता. डॉक्टर रागावतील या भीतीने मी ते लपवणार होते, पण शेवटी विचारलेच. ते म्हणाले, ‘आजींचा मान ठेवा, परंतु खिरीत नेमके काय घातले आहे हे कळल्याशिवाय मुलीला देऊ नका, जागरणात आणि गार हवेत तिला ठेवू नका, आणि कोणीही सांगितले तरी रोजचा पंप एक दिवसही बंद करू नका.’ सासूबाईंना हे सगळे त्यांनी फोनवर स्वतः समजावले. तेव्हापासून संध्याकाळच्या पंपानंतर मुलीला चूळ भरायला लावण्याचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले आहे.

श्वासमार्ग यांचे पुन्हा उत्तर

दिंडोरीच्या डॉक्टरसाहेबांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि वातानुकूलित खोलीचा टोलाही. त्यांच्या विहिरीच्या प्रश्नात माझ्या तीन पट्ट्यांपेक्षा कमी काही नाही. कागद हे निमित्त आहे, पुढची पायरी आधी ठरलेली असणे महत्त्वाचे. एकाच ठिकाणी मी त्यांच्याशी असहमत आहे. ज्या रुग्णाला एकदा तरी तीव्र झटक्यासाठी दाखल व्हावे लागले आहे, त्याच्या बाबतीत ‘दोन दिवसांत या’ एवढे पुरेसे नाही. त्या दोन दिवसांत घरी काय घ्यायचे हेही त्याच्याजवळ लिहिलेले हवे, अक्षर वाचता येत नसेल तर चित्र काढून.

अबोलीताई, स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता हवेवर वाळवा. फडक्याने घासला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज निर्माण होते आणि औषध भिंतीलाच चिकटते.

पिंपळपार (प्रश्नकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो.

गोदाकाठताई, माझ्या डॉक्टरांनी पंप घेण्याचा प्रकार पाहिला होता, पण तो फक्त नव्या पंपाचा. निळा पंप चौदा वर्षांपासून घेतो म्हणून तो येतच असेल असे आम्ही दोघांनीही गृहीत धरले. काल आरशासमोर उभा राहून पाहिले, तर फवारा मारल्यावर तोंडातून आणि नाकातून पांढरा धूर बाहेर पडत होता. म्हणजे मी आधी दाबतो आणि मग श्वास घेतो. मंगळवारी दोन्ही पंप सोबत नेणार आहे.

निळ्या पंपाचा हिशेब औषधाच्या दुकानातल्या जुन्या पावत्यांवरून काढला. गेल्या वर्षी नऊ लागले. पावत्या वडिलांनीच जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे हा आकडा त्यांच्यासमोरच निघाला आणि त्यानंतर फीचा विषय त्यांनी काढलेला नाही.

३४० आला त्या दिवशी मी काहीच केले नव्हते. दुसऱ्या दिवशी ३५०, तिसऱ्या दिवशी ३३० आला. श्वासमार्ग यांचे उत्तर वाचून तीनदा फुंकर मारून पाहिली, तरी ३४० च्या वर गेलो नाही. तेव्हा कागदावरील पिवळ्या पट्ट्याप्रमाणे औषध वाढवले आणि डॉक्टरांना तसा संदेश पाठवला. त्यांनी संध्याकाळी स्वतः फोन करून आकडे विचारले. आज सकाळी ३९० आहे.

रंगकामाबद्दल मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते, ‘कारखान्यात नोकरी’ एवढेच सांगितले होते. वहीत आता कामाचे दिवस लाल पेनने आणि सुट्टीचे निळ्या पेनने लिहायला सुरुवात केली आहे. अडचण एकच आहे की माझी सुट्टी बागेत जाते आणि सध्या तिथे काढणी चालू आहे, त्यामुळे निळे आकडेसुद्धा स्वच्छ हवेतले म्हणता येणार नाहीत. दोन रविवार घरीच राहून मोजावे का?

श्वासमार्ग

होय, दोन रविवार सिडकोतच राहा, आणि जमल्यास त्यांना जोडून दोन-तीन दिवसांची रजा घ्या. कामाच्या ठिकाणचा परिणाम पुष्कळदा एका दिवसात ओसरत नाही. बागेतल्या दिवसांसाठी तिसऱ्या रंगाचा पेन वापरा.